निळं टोपडं

तापाने फणफणलेलं, निळ्या टोपड्यातलं बाळ घेऊन अख्खं घर दवाखान्यात धावत आलं. आजोबा तर अनवाणीच. "सिस्टर, काय वाट्टेल ते करा, पण आमचा नातू वाचवा!"

सिस्टरने पडद्यामागे नेऊन बाळाचे कपडे सोडले आणि ती चमकली. मुलगी होती.

"जुळी आहेत," आई हळूच म्हणाली. "हिला कालपासून ताप. पण घरात जो तो म्हणे, उतरेल आपोआप. शेवटी हिला भावाचे कपडे घातले, तेव्हा कुठे सगळे हलले."

सिस्टरने पडद्याबाहेर नजर टाकली. घरातले झाडून सगळे तिथे उभे होते. "अगं, मग तो कुणाजवळ आहे?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "तो हिच्या फ्रॉकमध्ये आहे, सिस्टर. त्याच्याजवळ कोण थांबतंय!"