डावीकडचा बल्ब

“या घरात तुझ्यावाचून कुणाचंही अडत नाही!” असं काल बायकोला ठणकावून सांगणाऱ्या मास्तरांचा हात आज गाडीच्या हेडलाइटमागच्या फटीत अडकून बसला. इतकी वर्षं मास्तर टॉर्च धरून नुसते हुकूम सोडत. बल्ब बसवायचा तिचा चिमुकला हात. तीच आता सुटकेस घेऊन लेकीकडे कायमची निघाली होती. “भरदुपारी दिवे कशाला हो बदलताय?” “दुप्पट उजेडाचे आणलेत. तुला स्टेशनवर सोडतो.” “टॅक्सी आलीय.” मास्तरांनी हात ओढून पाहिला, पण निघेना. तिने सुटकेस टेकवली, त्यांचं मनगट सोडवलं आणि रुमालात धरून एक बल्ब अलगद बसवला. “काचेला बोट लावू नका, कितीदा सांगितलं.” हात पुसून ती थांबली. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी थांबली. ‘जाऊ नकोस,’ एवढंच म्हणायचं होतं. मास्तरांनी घसा खाकरला. “तेवढा उजवीकडचाही बसवून जातेस का?”