‘लग्न ठरलंय’ नावाचा कॉलम

ऋजुताचं लग्न ठरलं. असं काहीही झालेलं नाही, पुढे वाचा.

आमच्या विवाह मंडळात ती फोन घेते, मी डेटाबेस बघतो. परवा एका दंतवैद्याचं स्थळ आलं. फोटो बघून ती हसली. त्याला बाद करायला मी लगेच टेबलमध्ये ‘लग्न ठरलंय’ हा नवा कॉलम जोडला. डीफॉल्ट ‘हो’ टाकल्यामुळे एका एंटरसरशी मंडळातल्या सगळ्यांचीच लग्नं ठरली आणि तसे मेसेजही सगळ्यांना गेले.

“गाढवा, आता एकेकाची माफी मी मागू?” असं म्हणत ऋजुतानं पहिला फोन दंतवैद्यालाच लावला. माफी मागताना इतकं लाजतात?

मी कॉलम काढून टाकला. बाकीचे सगळे पुन्हा अविवाहित झाले. सबब, सदर दंतवैद्यासही पूर्ववत अविवाहित करण्यात यावे, ही नम्र विनंती.