तिसरी खूण

साडेसात वाजत आले तसा मनोरमाचा जीव खालीवर व्हायला लागला. भाईंदरच्या विजेचा काही नेम नसायचा. इतर वेळी गेली तर शिव्या घालून मेणबत्ती लावता येते, पण आज गेली असती तर सगळंच गेलं असतं. 'एका शब्दात' हा कार्यक्रम आजच्या भागानंतर बंद होत होता. मोठ्या थाटात सुरू झाला आणि दोन महिनेही टिकला नाही. आज दिसले तर दिसले, नाहीतर हे पुन्हा कधी हलताना-बोलताना दिसायचे नाहीत.

हे, म्हणजे तिचा नवरा. शूटिंग झालं गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर ऑफिसातच छातीत कळ येऊन ते गेले. घरात त्यांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता.

"आई, मागे काय बसलीयेस? पुढे ये ना," मुलगी म्हणाली. सुचेताने रस्त्याच्या बाजूच्या खिडकीला चादर लावून दिव्याचा उजेड अडवला होता.

"लाइट नहीं जाएगा, भाभी," शेजारच्या रमीलाबेन म्हणाल्या. "मैंने माताजी को बोल के रखा है."

कार्यक्रमाचं संगीत वाजलं. खेळ तसा सोपा होता. नवरा-बायकोची जोडी समोरासमोर बसायची. एकाच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर शब्द. त्याने दुसऱ्याला एकेका शब्दाची खूण द्यायची. वाक्य नाही, हातवारे नाहीत. तीन खुणांत ओळखलं तर गुण, चुकलं किंवा अडलं की बझर. बघणाऱ्यांना मात्र तो शब्द पडद्यावर खाली दिसायचा, त्यामुळे घरोघरची माणसं खेळणाऱ्यांना अक्कल शिकवायला मोकळी.

आणि ते दिसले. निळा शर्ट, खिशाला पेन. मनोरमाने रडायचं नाही असं ठरवलं होतं, कारण डोळे भरले की नीट दिसत नाही.

"वहिनी, यजमानांचं नाव सांगा आमच्या प्रेक्षकांना," सूत्रसंचालक म्हणाला. पडद्यावरच्या मनोरमाने तोंडाला पदर लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मी दशरथ, ही मनोरमा," ते म्हणाले. "मीच सांगतो. हिच्यावर सोडलंत तर तुमचा कार्यक्रम इथेच संपेल."

सुचेता हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिला हे नवीन नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी वडिलांचं नाव विचारलं की आई लहानपणापासून तिलाच पुढे ढकलायची. लग्नातल्या उखाण्यातसुद्धा मनोरमाने ते नाव असं पुटपुटलं होतं की शेजारी उभ्या करवलीलाही कळलं नाही. नंतरचा सगळा संसार 'अहो'वर झाला. ते चिडवायचे, कधीतरी घरात कोणी नसताना म्हणायचे, "एकदा हाक मार की, कसं लागतं कानाला ते बघू." ती "चला, काहीतरीच," म्हणून स्वयंपाकघरात पळायची.

पडद्यावर जोडी झकास खेळत होती. तिने "बरणी" म्हणावं, त्यांनी "लोणचं." तिने "चावी" म्हणावं, त्यांनी "घड्याळ." रमीलाबेन टाळ्या वाजवत होत्या. मग शेवटचा शब्द पडद्यावर खाली उमटला: कैकेयी.

"राणी," पडद्यावरची मनोरमा म्हणाली.

"झाशी," ते म्हणाले. बझर.

"रुसवा."

"सत्यभामा," ते अगदी खात्रीने म्हणाले. पुन्हा बझर.

"भरत म्हण ना आई, भरत," सुचेता पुटपुटली, जसं काही अजून जमण्यासारखं होतं.

भरत तेव्हा सुचलाच नव्हता. मंथराही नाही. एकच शब्द जिभेवर येऊन बसला होता आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे अडकून पडले होते. पडद्यावर तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. ते पुढे झुकून तिच्या ओठांकडे बघत होते. किती आशेने बघत होते ते तिला त्या दिवशी दिसलं नव्हतं, कारण तिने मान खाली घातली होती. आज दिसलं.

"दशरथ," मनोरमा म्हणाली.

मोठ्याने नाही, पण स्वच्छ. सुचेताने वळून पाहिलं तर आई गुडघ्यांवर सरकत टीव्हीपाशी गेली होती, आणि काचेला हात लावून पुन्हा सांगत होती, "दशरथ. अहो, दशरथ."

ते तसेच वाट बघत राहिले. मग बझर वाजला.

सूत्रसंचालकाने चिठ्ठी वर धरली. "वहिनी, घरातलंच नाव होतं की! तेवढं घेतलं असतं तर जिंकला असतात!"

त्यावर ते कपाळावर हात मारून काहीतरी बोलले होते. काय, ते तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं, लाजेने कान इतके तापले होते. आता शब्दन् शब्द ऐकू आला.

"अहो, मी जिवंत आहे तोवर ही माझं नाव घ्यायची नाही," ते कौतुकाने म्हणाले.

स्टुडिओतली माणसं हसली, आणि पदरात तोंड लपवून सगळ्यांत जास्त हसली ती पडद्यावरची मनोरमा.