दसऱ्यापर्यंत दम धर

गेमचा कन्सोल बनवणाऱ्या कंपनीनं ऐन उन्हाळ्यात भारतातलं आपलं ऑनलाइन दुकान बंद केलं, आणि इंदापूरजवळच्या एका घरात लग्नाच्या वयाला आलेल्या राजवर्धननं कंट्रोलर गादीवर आपटला. त्याच्या गेमचा पहिला भाग भर लढाईत संपला होता आणि दुसरा फक्त त्याच दुकानात मिळणार होता.

"एवढं काय त्यात?" त्याचे वडील सुपारी कातरत म्हणाले. आबांची उभी हयात साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेलेली. "हंगाम सरला की बंद करत्यातच. दसऱ्याला बॉयलर पेटला की व्हतंय सुरू."

"आबा, त्यांच्यात बॉयलर नसतो!"

"बारका आसंल. दसऱ्यापर्यंत दम धर."

राजवर्धननं कंपनीला मेलवर मेल पाठवले. उत्तरं यायची, ती मशीननंच लिहिलेली. दसऱ्याला सकाळी आबांनी ट्रॅक्टरबरोबर कन्सोललाही झेंडूचा हार घातला. "हं, लाव आता."

पडद्यावर तेच आलं : तुमच्या देशात हे दुकान बंद आहे.

राजवर्धनचा तोल सुटला. "कायमचं बंद केलंय, आबा! दसरा आला काय आन् गेला काय! तुमाला कळत कसं न्हाय?"

"सणाच्या दिवशी आसं बोलू नये," आबा म्हणाले. मग उरलेला हार आणि नारळ पिशवीत घालून, टोपी नीट करून, ते दरवर्षीप्रमाणे कारखान्याच्या गेटकडं निघाले.

तिथला बॉयलर शेवटचा पेटला, तेव्हा राजवर्धन चौथीत होता.