पंच्याऐंशीच्या खाली

काटा एकशे नऊवर थांबला. रसीलाबेनने आकडा पाहिला आणि खाली उतरून चपला घातल्या.

“गेल्या महिन्यातही एवढंच होतं,” आहाराची वही घेऊन बसलेली मुलगी म्हणाली. “ऑपरेशनला नऊ महिने झाले. तुमच्याच दिवशी ज्यांचं झालं, त्यांचं अडतीस किलो उतरलं. तुमचं पंधरा. खरं सांगा बेन, चोरून काही खाता का?”

सुरुवातीला या प्रश्नावर रसीलाबेन रडायची. नंतर चिडायची. आता तिला काहीच व्हायचं नाही. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. वाटीभर मुगाचं पाणी, दोन चमचे दही, चावून चावून चतकोर भाखरी. एवढ्यात तिचं पोट गच्च व्हायचं. डॉक्टरांनी ते कापून केळ्याएवढं केलं होतं. तरी अंग हट्टाला पेटल्यासारखं जिथल्या तिथे.

बारीक व्हायची हौस तिला कधीच नव्हती. नवरा गेल्यापासून ती अहमदाबादला धाकट्या भावाच्या, मनहरच्या घरी राहत होती. मनहरच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आपली एक किडनी द्यायची म्हणून तिने सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. रिपोर्ट मनहरच घेऊन आला होता.

“सगळं जुळलं, मोटीबेन,” तो म्हणाला होता. “फक्त वजन आड येतंय. पंच्याऐंशीच्या खाली आलीस की झालं. पण पोटाच्या डॉक्टरांकडे किडनीचं बोलू नकोस हं, उगाच कागद अडतात.”

आठ दिवसांत तिने पोटाच्या ऑपरेशनला होकार दिला.

आणि वजन उतरेना. मनहर मात्र उतरत चालला. त्याचे गाल बसले, रंग मातीसारखा झाला. उत्तरायणाला, संक्रांतीच्या दिवशी, गच्चीवर सगळे ऊंधियू खात होते. रसीलाबेनने वासापुरती एक फोड तोंडात टाकली, तर मनहरची बायको दक्षा सगळ्यांदेखत म्हणाली, “खा, खा मोटीबेन. माझ्या कपाळाचा चांदलो, माझं कुंकू, तुमच्या काट्यावर टांगलाय, पण तुम्ही खा.” मनहर खाली मान घालून पतंगाची फिरकी गुंडाळत राहिला. रसीलाबेनने फोड गिळली. तिला चवही कळली नाही, बोलणंही लागलं नाही.

आज वजन करून ती घरी गेली नाही. रिक्षा करून थेट किडनीच्या दवाखान्यात गेली. किडनी देणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, “माझं वजन आता आणखी उतरणार नाही. आहे तशीच घ्या मला. मेले तर मेले. लिहून देते.”

बाईंनी नाव विचारलं. संगणकात पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“बेन, तुमची फाइल मागच्या होळीलाच बंद झालीय.”

“वजनामुळे?”

“वजनाचा प्रश्नच आला नाही. तुमचं रक्त आणि भावाचं रक्त जुळत नाही. तुमची किडनी त्यांना चालणारच नाही. आम्ही फोन करून कळवलं होतं की.” त्यांनी नंबर वाचून दाखवला. तो मनहरचा होता.

मनहर तिथेच वरच्या मजल्यावर डायलिसिसच्या खुर्चीत आडवा होता. एका हातात सुया, दुसऱ्यात पेपर.

“अरे मोटीबेन! तू आज इकडे कशी?”

“माझी फाइल बंद आहे.”

मनहरने पेपरची घडी घातली. एका हाताने घालायला त्याला फार वेळ लागला.

“हो,” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“मग माझं पोट का कापायला लावलंस?”

“झोपेत तुझा श्वास बंद पडायचा. मी पलीकडच्या खोलीत आकडे मोजत पडायचो. कधी वीस, कधी तीस. डॉक्टर तीन वर्षं ऑपरेशन कर म्हणत होते आणि तू हसण्यावारी न्यायचीस. स्वतःसाठी तू साधी दाढ काढली नसतीस. माझ्यासाठी काहीही करशील, ते मला ठाऊक होतं. आता श्वास अडत नाही तुझा. जिना न थांबता चढतेस.”

“आणि दक्षा?”

“तिलाही नाही सांगितलं. तिच्या पोटात राहिलं नसतं. ती तुला बोलायची, मी ऐकत बसायचो. त्याची माफी कुठल्या तोंडाने मागू?”

“नऊ महिने,” रसीलाबेन म्हणाली. तिचा आवाज चढला. नर्सने वळून पाहिलं. “नऊ महिने मला वाटत होतं, त्या काट्यावर उभी राहून मी तुला मारतेय!”

ज्या हातात सुई नव्हती त्या हातावर तिने फाडकन चापट मारली. मग दंडावर आणखी एक. तिचा तळवा चरचरला. ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडात कोंबून गदगदा रडायला लागली. कितीतरी महिन्यांनी.

मनहरने तिला रडू दिलं. मशीन घरघरत राहिलं. मग त्याने मोकळा हात तिच्या पाठीवर ठेवला.

“उतरू दे हळूहळू, मोटीबेन,” तो म्हणाला. “घाई कधी नव्हतीच.”