जॉर्जिनाचे बटाटे

जॉर्जिनाने ओव्हनमधून काढलेला बटाटा सुरीने उभा चिरला. वाफ वर आली तशा पुढच्या रांगेतल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

“गर काढताना साल फाटता कामा नये,” ती म्हणाली. “होडीसारखी राहिली पाहिजे. याच होडीत कोळंबी घालून गर परत भरायचा आणि परत भाजायचं.”

तिची सून रोवेना शेजारी उभी राहून तिच्या तोंडापुढे माइक धरून होती. ठाण्यातल्या चर्चच्या हॉलमध्ये मिस्सा संपल्यावर महिला मंडळाने हा कार्यक्रम ठेवला होता. जॉर्जिनाचे कोळंबीचे बटाटे साऱ्या पॅरिशला ठाऊक होते. ईस्टर असो, नाताळ असो, रोवेना आत ते करायची आणि जॉर्जिना ताट घेऊन बाहेर जायची.

गेल्या ईस्टरला रोवेनाची आई ब्रिजिता मोहने गावाहून त्यांच्या घरी आली होती. पहिला घास खाऊन ती शेजारच्या बाईला कौतुकाने म्हणाली, “हे माझे बटाटे. पोरीला मीच शिकवलेत.” जॉर्जिना सगळ्यांदेखत हसली. “वय झालं बिचारीचं. काहीही बोलते.” ब्रिजिताने बशी खाली ठेवली. बशीत अर्धा बटाटा तसाच होता. ती पुन्हा या घरी आली नाही, आणि नाताळच्या आधीच वारली.

“आता कोळंबी,” जॉर्जिना म्हणाली. कोळंबी बारीक चिरून, बॉटल मसाला लावून, तिचं पाणी पूर्ण आटेपर्यंत तिने परतली. काहीच चुकलं नाही. रोवेनाने घरी तिला सगळं नीट सांगितलं होतं. गर गरम असतानाच मोडायचा, हेही सांगितलं होतं. कशाने मोडायचा, हे जॉर्जिनाने विचारलं नव्हतं. रोवेना तो पुरणयंत्रातून काढायची, हलक्या हाताने. पण ती ते करत असताना जॉर्जिना कधी स्वयंपाकघरात नसायची.

“जॉर्जिना, तुज्या सुनेला पण येतात काय गो हे?” दुसऱ्या रांगेतून टेरेझा आंटीने विचारलं.

“ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिला कुठे वेळ? माइक धरते, तेवढं पुष्कळ.”

बायका हसल्या. रोवेनाही थोडं हसली.

जॉर्जिनाने गर मिक्सरच्या भांड्यात भरला. मिक्सर तिनेच आणायला सांगितला होता. लोकांसमोर काट्याने काय कुस्करत बसायचं, दिसायला बरं नाही, असं तिचं म्हणणं. रोवेनाने तो टॉवेलात गुंडाळून, जपून आणला होता.

झाकण लावताना जॉर्जिनाचा हात थांबला. ती माइकपासून तोंड वळवून पुटपुटली, “फिरवू ना गं?”

शिजलेल्या बटाट्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या करायच्या असतात, फोडायच्या नसतात. फुटल्या की आतला स्टार्च मोकळा होतो आणि मग त्याला आवरता येत नाही. रोवेना हे दरवर्षी पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवायची.

“तुमची रेसिपी, मम्मी,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत.”

मिक्सर घरघरला. आधी आवाज मोकळा होता, मग जड झाला, मग पातं नुसतंच अडखळू लागलं. जॉर्जिनाने थोडं दूध ओतलं आणि पुन्हा फिरवलं. झाकण काढून तिने चमचा घातला. चमचा वर आला तसा त्याच्यामागे राखाडी, चकचकीत गोळा लांब ताणत आला आणि तुटेना. तिने तो बोटाने तोडला, तर तो बोटांना लागला. दुसऱ्या हाताने सोडवायला गेली, तर त्या हातालाही लागला. कोळंबी त्यात मिसळेना. ती वरच राहिली.

“अगो, ही तर खळ झाली!” टेरेझा आंटी म्हणाली. “पुढच्या महिन्यात चर्चमधे फेस्त हाय, पोस्टरं चिकटवाया चालंल.”

यावेळी हसू मागच्या भिंतीपर्यंत गेलं. कुणीतरी फोन वर धरला. जॉर्जिनाच्या कानशिलांवर घाम आला. तिने साल उचलून त्यात गोळा बसवून पाहिला, तो हाताला चिकटून साल घेऊनच परत वर आला.

“मीठ कमी पडलं असेल,” समोरची एक बाई समजुतीने म्हणाली.

“मीठ नाही गो!” जॉर्जिना एकदम वळली. तिने चिकट हाताने रोवेनाकडे बोट केलं. “मला काय माहीत? हिने सांगितलं तसं केलं मी. माझी नाहीच ही रेसिपी. हिच्या आईची आहे. ब्रिजिताची.”

हे पुढच्या रांगेतल्या बायकांनी तेवढं ऐकलं. बोलायच्या भरात जॉर्जिना माइकपासून बाजूला सरकली होती. मागच्या बायका अजून हसत होत्या.

रोवेना एक पाऊल पुढे आली. तिने माइक पुन्हा सासूच्या ओठांजवळ धरला, अगदी सरळ, हात न हलवता.

“मागे ऐकू आलं नाही, मम्मी,” ती म्हणाली. “नावासकट सांगा.”

हॉलमधलं हसू हळूहळू थांबलं. जॉर्जिनाचा श्वास तेवढा स्पीकरमधून ऐकू येत होता. तिच्या बोटांवरचा बटाटा सुकून पांढरा पडायला लागला होता.