जाळ्यातला व्हेल शार्क

मार्कंडा गावी वैनगंगेच्या काठी वच्छलाबाई जाळं सुकवत होती, तेवढ्यात मालवणच्या मासेमारी बोटीवर कामाला गेलेल्या लेकाचा, रोशनचा व्हिडिओ कॉल आला. "माय, हे पाय इकडं!" बोटीएवढा लांब, ठिपक्याठिपक्यांचा व्हेल शार्क जाळ्यात अडकून तडफडत होता. "मी जाळं कापाले पाण्यात उतरून राह्यलो." "तूच काऊन? शेपटीचा फटका बसला तं?" "नाई कापलं तं मरन तो." फोन फळीवर टेकवून त्यानं सुरी घेऊन उडी मारली. पडद्यावर नुसतं आभाळ हलत राहिलं. आरडाओरड ऐकू आली आणि कॉल तुटला. वच्छलाबाईनं परत लावून पाहिला, पण फोन लागेना. ती काठावर येरझारा घालू लागली, वाळूत बसली, पुन्हा उठली. शेवटी फोन वाजला. "गेला, माय. माह्या अंगाजवळूनच गेला. डोळा लय लहान हाय त्याचा." तिला रागवायचं होतं, पण ती फक्त त्याची धाप ऐकत राहिली.